कागदावरचं झुडूप

उमरेडच्या पुढे डांबरी सोडून पांदणीनं आत वळलं की माझ्या मामांचं गाव लागतं. साठ-सत्तर घरं, एक बोडी म्हणजे लहान तळं, एक मारुती, चौथीपर्यंतची शाळा. मामांचं घर विटांचं, दोन खोल्यांचं, पुढे पडवी. १९८० नंतरच्या वर्षांत भूमिहीनांना जागा वाटल्या, त्यातली ही एक. घराला आता चाळीस वर्षं होत आली. मामी याच घरात आली आणि याच घरातून गेली. सरकारी कागदावर मात्र तिथे घर नाही. तिथे ‘झुडपी जंगल’ आहे.

मी पस्तीस वर्षं बँकेत होतो, त्यातली बहुतेक शेतीकर्जात. बैलजोडीला, विहिरीला, मोटरला, धानाच्या रोवणीला, कापसाच्या पेरणीला कर्ज दिलं. सख्ख्या मामांना वरचा मजला चढवायला मात्र देता आलं नाही, कारण तारण म्हणून जंगल चालत नाही. तेव्हा मामा माझ्यावर रागावले नव्हते. पडवीत उभे राहून त्यांनी चहूकडे हात फिरवला आणि म्हणाले, “बाल्या, तुले झुडूप दिसून राह्यलं का कुठी? मले त नाई दिसत. पन कागदाले दिसते म्हनते.”

हे वाक्य डोक्यातून जात नाही. जे माणसाला दिसत नाही ते कागदाला दिसतं. मग हा कागद कुणाच्या डोळ्यांनी बघत असेल?

शब्द शोधत गेलो. इंग्रजांनी मध्य प्रांतात जमिनीचा बंदोबस्त केला तेव्हा प्रत्येक गावाची जमीन रकान्यांत बसवली. जिच्यातून सारा येतो ती एका रकान्यात. चांगला साग मिळेल ते जंगल सरकारनं राखून ठेवलं. मग उरलं काय? बोरी, खुरटा पळस, करवंदीची जाळी, मुरमाड उतार. तिथे गुरं चरायची, बाया सरपण आणायच्या, गावाचा मसणवटाही तिथेच. गावाच्या या सामायिक वापराला निस्तार म्हणायचे. कुणाचा कशावर किती हक्क, हे ज्या दस्तऐवजात लिहिलं त्याचं नाव वाजिब-उल-अर्ज. हे दोन्ही शब्द महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात आजही आहेत. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला बहुधा कधी लागत नाहीत, आम्हाला लागतात. मला तर वाजिब-उल-अर्ज या एका शब्दात आमचा सगळा इतिहास दिसतो. शब्द अरबी-फारसी, उतरवून घेणारा मुन्शी हिंदी-मराठीतला, खाली सही इंग्रज बंदोबस्त अधिकाऱ्याची, आणि तो आज वाचणार महाराष्ट्र शासनाचा तलाठी. चार राजवटी गेल्या, दप्तर एकच राहिलं.

तर त्या उरल्यासुरल्या जमिनीला ‘झुडपी जंगल’ म्हटलं गेलं. मध्य प्रदेशात आजही ‘बडे झाड का जंगल’ आणि ‘छोटे झाड का जंगल’ अशा नोंदी सापडतात. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, त्याबरोबर दप्तरही आलं आणि ‘जंगल’ हा शब्द तसाच राहिला. तोवर त्यानं कुणाचं बिघडत नव्हतं. १९८० साली वन संवर्धन कायदा झाला. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी नोंदीत ज्याला वन म्हटलंय ते सगळं वनच. आणि कुण्या मुन्शीनं शे-सव्वाशे वर्षांपूर्वी बोरीबाभळी बघून लिहिलेला शब्द मामांच्या पडवीवर येऊन बसला. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, अशा जमिनीवर घरं, शाळा, कचेऱ्या, स्मशानं उभी आहेत. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: झुडपी जंगल हे वनच, पण १९९६ च्या त्या तारखेआधी ज्यांना जागा रीतसर मिळाल्या त्यांच्यासाठी राज्यानं केंद्राची परवानगी मागावी. म्हणून आता याद्या, म्हणून आता अर्ज. त्याचसाठी मी मागच्या महिन्यात मामांकडे गेलो होतो.

न्यायालय चुकलं असं मला म्हणायचं नाही. जंगल वाचवायला कडक शब्द लागतात. पण एखादी राजवट जाताना नेमकं काय मागे ठेवते, हे मला किल्ल्यांपेक्षा त्या रकान्यात जास्त कळलं.

किल्ला आमच्याकडे आहेच. सीताबर्डीचा. वर्षातून तीन दिवस, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला, तो लोकांना उघडतात. लहानपणी आजोबा मला खांद्यावर बसवून न्यायचे. नोव्हेंबर १८१७ मध्ये इथे भोसले आणि कंपनीची लढाई झाली, आपण हरलो, हे त्यांनी मला तिथेच सांगितलं, आणि वर एवढंच म्हणाले की त्या दिवशी हरलो ते ठीक, पण त्यानंतर छत्तीस वर्षं आपण नुसते वाट बघत बसलो. आजोबा इतिहासाचे जाणकार नव्हते, एम्प्रेस मिलमध्ये कापड खात्यात होते. तरी त्यांचा हिशेब बरोबर होता. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी भोसले वारले. औरस मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला विकायला गेलं. महाल भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हा लिलाव कालपरवा झाल्यासारखा यायचा.

आता मजा बघा. लक्ष्मी अय्यर नावाच्या अर्थतज्ज्ञ आहेत. इंग्रजांनी थेट राज्य केलेले मुलूख पुढे सुधारले की संस्थानिकांच्या हातातले सुधारले, हा त्यांचा प्रश्न. नुसती तुलना केली तर फसायला होतं, कारण इंग्रजांनी चांगल्या मातीचे, चांगल्या वसुलीचे मुलूख वेचून घेतले होते. म्हणून त्यांनी डलहौसीच्या काळातला, औरस वारस नसेल तर राज्य खालसा, हा नियम पकडला. १८४८ ते १८५६ दरम्यान कुठला राजा वारसाविना मरतो, हा शुद्ध नशिबाचा खेळ. जमीन कशी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. अशा मरणामुळे खालसा झालेले मुलूख आणि वाचलेले मुलूख यांची तुलना केल्यावर दिसलं, की खालसा झालेल्या भागांत स्वातंत्र्यानंतरही शाळा, दवाखाने, रस्ते कमी होते. म्हणजे आमच्या तिसऱ्या रघुजींचं निपुत्रिक मरण आज अर्थशास्त्रातल्या एका प्रयोगाचा दाखला झालं आहे. ते वाचताना मला बाकाबाईंची आठवण आली. राजवाड्यातल्या त्या म्हाताऱ्या राणीला कुणी सांगितलं असतं, की बाई, तुमच्या घरच्या सुतकातून दीडशे वर्षांनी लोक शाळांचा हिशेब काढतील, तर?

डलहौसीच्या डोक्यात काय होतं तेही लपलेलं नाही. नागपूर घेण्याच्या बाजूनं त्यानं जे मुद्दे मांडले त्यांत कापूस होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेवर अवलंबून राहायचं नव्हतं. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून हातात आलं होतं. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. ती माणसांसाठी आली असं आम्ही शाळेत शिकलो. गाठी आधी, माणसं मागून.

या रेल्वेनं शहराचं तोंड फिरवलं. आमचं नागपूर मुळात पूर्वेकडे बघणारं. देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा वाड्या जोडून ते वसवलं. मग भोसले आले आणि त्यांची घोडी छत्तीसगडातून ओडिशात, बंगालात गेली. १७५१ च्या तहानं ओडिशाचा महसूल आणि बंगालची वर्षाला बारा लाखांची चौथाई नागपूरला येऊ लागली. आम्ही शाळेत हे छाती फुगवून वाचलं. बंगालात अजून लहान मुलांना बारगीर, म्हणजे आमचे घोडेस्वार, येतील म्हणून झोपवतात, हे मला नोकरीत एका बंगाली सहकाऱ्यानं सांगितलं तेव्हा छातीतली थोडी हवा गेली. आपणही कुणाचं तरी साम्राज्य होतो. छत्तीसगडातून वसुली यायची ती वाट आणि आज माझ्या सोसायटीसमोरच्या बांधकामावर राजनांदगाव-दुर्गकडून मजूर येतात ती वाट, दोन्ही एकच. त्यांची मुलं वाळूच्या ढिगावर खेळतात. त्यांच्या वारशाचा अभ्यास कुणी केला तर त्यात इंग्रजांच्या आधी आमचं नाव येईल.

रेल्वेनंतर सगळं पश्चिमेला वळलं. माल मुंबईला, पैसा मुंबईला, आणि १९५६ नंतर मंत्रालयही मुंबईला. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा, नागपूर ते शिर्डी, ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. तिसऱ्या रघुजींची पुण्यतिथी. निव्वळ योगायोग, पण मला असले योगायोग आवडतात. आमच्याकडचे सगळे मोठे रस्ते अजून बंदराकडेच उतरतात.

शहराच्या पोटातही रेल्वेनं रेघ ओढली. पूर्वेला महाल, इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली. पश्चिमेला सीताबर्डीच्या पलीकडे सिव्हिल लाइन्स, बंगले, क्लब, हायकोर्ट. मी पूर्वेचा. आमच्या आळीत पहाटे पाचला मागांचा खटखटाट सुरू व्हायचा. आम्ही कोष्टी. आजी कांड्या भरायची, थोरले काका मागावर बसायचे. आईचं माहेर उमरेडकडचं, जिथली रेशीमकाठी धोतरं एकेकाळी नावाजलेली होती. विलायती सुतानं आणि मग गिरणीच्या कापडानं तो धंदा खाल्ला. आईचे वडील माग मोडून खेड्यात मजुरीला गेले, म्हणून मामा भूमिहीन आणि म्हणून त्यांना ती झुडपी जागा. वडिलांचे वडील उलट गिरणीतच शिरले. जिनं माग मोडले तिच्याच पगारावर आमचं घर चाललं, हे कोडं मला अजून नीट सुटलेलं नाही.

एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून हे नाव. जमशेटजी टाटांना मुंबईत गिरणी काढता आली असती. त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस हिंगणघाटचा जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि रेल्वे दारात. जुम्मा तलावाशेजारची जागा. मुंबईचे शेठ तेव्हा हसले म्हणतात. रिंग स्पिंडल ही सूत कातायची नवी चाती इथे वापरून बघितली, कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ मध्येच काढला. आजोबांच्या बोलण्यात गिरणी म्हणजे एखाद्या कडक पण न्यायी सासऱ्यासारखी होती. भोंगा झाला की आजी भाकरी उलटायची.

पण गिरणीची जी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते ती आमच्या घरातली नाही. गावात महार समाज जाडंभरडं सूत कातायचा, विणायचा, ते मोडलं, आणि ती माणसं नागपूर-कामठीकडे आली, गिरणीत आणि रेल्वेत लागली. गिरणीतही कामं जात बघूनच वाटलेली असायची. पण महिन्याच्या महिन्याला हातात रोख पगार पडायचा आणि तो गावच्या पाटलाच्या मर्जीवर नव्हता. त्या पैशातून शाळा निघाल्या, वसतिगृहं निघाली, छापखाने निघाले. १९२० ला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद नागपुरात झाली. १९४२ ला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरात. १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षेचा सोहळाही इथेच. नागवंशीयांची भूमी म्हणून नागपूर निवडलं असं बाबासाहेबांनी स्वतः सांगितलं, ते खरंच. मला त्यासोबत असंही वाटतं, की लाखो लोकांना उतरवून घेईल, जेवू घालेल, झोपायला जागा देईल अशी पोटापाण्यानं स्वतःच्या पायावर उभी वस्ती या शहरात आधीच तयार होती. साम्राज्याच्या कापसाचा हा वारसा डलहौसीच्या हिशेबात नक्की नव्हता.

आणि त्या १४ ऑक्टोबरनंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, नागपूरची राजधानी गेली.

१८६१ ते १९५६. पंच्याण्णव वर्षं हे शहर राजधानी होतं, आधी मध्य प्रांताची, मग जुन्या मध्य प्रदेशाची. त्या वर्षांनी आम्हाला काय सवय लावली हे मी माझ्या वडिलांवरून सांगतो. वडील सचिवालयात कारकून. राजधानी गेली तेव्हा त्यांच्या खोलीतले निम्मे लोक भोपाळला गेले, काही मुंबईला. वडील आईच्या आजारपणामुळे राहिले. पुढे आयुष्यभर दर हिवाळ्यात अधिवेशन आलं की ते इस्त्रीचा कोट घालून विधानभवनाच्या रस्त्यावर चक्कर मारायचे. काम काहीच नसायचं. ‘सरकार आलंय’ म्हणायचे, पाहुणे आल्यासारखं. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं होतं की सरकार ठरावीक काळ इथे बसेल, वर्षातून एक तरी अधिवेशन इथे होईल. त्या एका कलमावर आमच्या घरी हिवाळा काढला जायचा.

मला मुलगा झाला तेव्हा वडिलांचा पहिला आशीर्वाद होता, “सरकारी नोकरीत चिकटो.” व्यापार इतवारीतले मारवाडी, गुजराती करतील, कारखाना मुंबईचे पारशी काढतील, आपण फाईल सांभाळायची. हा आमचा सांस्कृतिक वारसा, आणि विकासाच्या अनुशेषाच्या कोणत्याही तक्त्यात तो येत नाही. अनुशेष खोटा नाही. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटींचा काढला आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के होता. सिंचनाचा पैसा कुठे गेला हे मी शेतकऱ्यांच्या कोरड्या विहिरींत उतरून बघितलं आहे. पण दर वेळी बोट मुंबईकडे दाखवताना मला वडिलांचा तो कोट दिसतो. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींत श्रीमंत झाले आणि १९३० ला जाताना सुमारे पस्तीस लाख रुपये तंत्रशिक्षणासाठी विद्यापीठाला ठेवून गेले. त्यातून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. आमच्या आळीत त्यांचं नाव आदरानं घ्यायचे, पण त्यांच्यासारखं हो, असं मला कुणी म्हटलं नाही. तिथे शिकून सरकारी नोकरी धर, असं म्हटलं.

युरोपातल्या एका अभ्यासात वाचलं: ऑस्ट्रियाचं हॅब्सबर्ग साम्राज्य १९१८ ला संपलं, पण त्याची जुनी हद्द जिथून जायची तिथे, आज एकाच देशात असलेल्या शेजारशेजारच्या गावांत, साम्राज्याच्या बाजूच्या लोकांचा कोर्टावर, पोलिसांवर विश्वास जास्त आहे, आणि लाचही कमी. राज्य गेलं, कचेरीबद्दलची भावना उरली. आमच्याकडे असा अभ्यास केला तर काय निघेल? मी तो नकळत केला आहे असं वाटतं, कारण माझी नोकरी वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर झाली.

नदीची ही हद्द १८०३ ची. अडगावच्या लढाईत भोसले हरले, देवगावच्या तहात नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला गेला. पुढे दोन्हीकडे इंग्रजच आले, तरी जमिनीचे कायदे वेगळे ठेवले. पलीकडे वऱ्हाडात मुंबईसारखी रयतवारी: शेतकरी सरळ सरकारला सारा भरणार, जमीन त्याच्या नावावर. अलीकडे १८६० च्या दशकात मालगुजारी. भोसल्यांच्या काळात जो पाटील नुसता वसुली करायचा त्याला इंग्रजांनी मालक करून टाकलं. १९५०-५१ ला कायद्यानं मालगुजारी संपली. आज पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती विभाग सुरू होतो, नाहीतर नदीला काही माहीत नाही.

अभिजित बॅनर्जी आणि याच लक्ष्मी अय्यर यांनी २००५ साली दाखवलं, की देशात जिथे जमीनदार-मालगुजार होते ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीच्या गुंतवणुकीत, उत्पादनात मागे राहिले आणि रयतवारीचे पुढे गेले. वाचल्यावर मी मान डोलावली. मालगुजारीच्या बाजूला, साकोलीकडे, माझी शाखा होती तेव्हा शेतकरी साहेबासमोर खुर्चीवर बसायचा नाही. सांगूनही बसायचा नाही. मालगुजारी जाऊन तीस वर्षं झाली होती. जुन्या मालगुजाराच्या वाड्यावरून जाताना मात्र माणूस चप्पल काढायचा. नदीपलीकडे धामणगावला बदली झाली तर तिथला शेतकरी माझ्या टेबलावर हात आपटून विचारायचा, “व्याज कायले लावलं एवढं, सांगा.” मला तेव्हा पहिल्या माणसाची कीव आणि दुसऱ्याचा राग यायचा. आता उलटं वाटतं.

पण हा हिशेब पूर्ण जुळत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्या रोखायला ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं ते सहा जिल्ह्यांना: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा. त्यातले पाच जुन्या वऱ्हाडातले. म्हणजे रयतवारीचे, मालकी हक्काचे, टेबलावर हात आपटणारे. माझे दोन खातेदार त्या काळात गेले. एकाच्या घरी मी गेलो होतो. त्याच्या बापाकडे जुना कागद होता, खापरपणजोबांच्या नावाचा, मखमलीत गुंडाळलेला. मालकी होती, पण वावरात एकच पीक, पाऊस पडला तर पडला, आणि भाव ठरवणारा बाजार कुठल्या कुठे. जमिनीच्या हक्काच्या जोडीला त्या नदीपलीकडे दुसराही वारसा होता, कापसाचा. यवतमाळ-मूर्तिजापूरची अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे घ्या. ब्रिटिश कंपनीनं गाठी वाहायला घातलेली, आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशकं त्या कंपनीच्याच मालकीची. सगळ्या देशाची रेल्वे सरकारची झाली, हिची राहून गेली. रूळ ज्याच्या सोयीनं घातले त्याच्या सोयीनं पीक लावायची सवयही तशीच राहून गेली.

आणि अलीकडच्या तीरावर, मागास ठरलेल्या मालगुजारीत, तलाव होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत सहा हजारांहून अधिक मामा तलाव आहेत. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, सरकारी कागदातलं हे आखूड नाव मला फार आवडतं. ते इंग्रजांचे नाहीतच. गोंड राजांनी सांगितलं, जो तलाव बांधेल त्याला त्याच्या खालची जमीन, आणि कोहळी समाजानं उतार वाचून पाळी म्हणजे मातीचे बांध घातले. नवेगावबांध कोलू पाटील कोहळ्यानं बांधला म्हणतात. माझ्या शाखेजवळच्या एका गावात एक म्हातारा मला तलावाच्या पाळीवर घेऊन गेला. तुडूम दाखवलं, जिथून पाणी सोडतात. सांडव्याची जागा दाखवली. पूर्वी पाळ फुटली की मालगुजार दवंडी पिटायचा आणि अख्खं गाव टोपली घेऊन यायचं, म्हणाला. वेठ असायची का, मी विचारलं. “असे ना,” तो म्हणाला, “पन पानी बी असे.” १९५१ नंतर मालगुजार गेला, तलाव सरकारचा झाला, आणि टोपली घेऊन यायचं कारण कुणालाच उरलं नाही. वर पाणीपट्टी आली, तेव्हा गावानं वाजिब-उल-अर्ज काढून दाखवलं की हे पाणी आमच्या निस्ताराचं आहे, त्याचे पैसे कसले? दोघंही आपापल्या कागदावर बरोबर. गाळ मात्र साचत गेला.

त्या म्हाताऱ्याला मी गाळ काढायला कर्ज देऊ शकलो नाही. तलाव कुणाच्याच नावावर नव्हता.

आमच्या आळीतही एका शब्दाचा असाच घोळ आहे. जुन्या कागदात कुणाच्या नावापुढे ‘हलबा’, कुणाच्या पुढे ‘कोष्टी’. एक शब्द असेल तर अनुसूचित जमात, दुसरा असेल तर नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हलबा-कोष्टींचा दावा फेटाळला, आणि चुलत्यांच्या घरात दोन मुलांच्या नोकऱ्यांचं पुढे काय होणार या काळजीत कित्येक दिवाळ्या गेल्या. मी यात बाजू घेत नाही, खऱ्या आदिवासींचा वाटा कुणी घेऊ नये हे मला पटतं. मात्र पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरानं कोणत्या मूडमध्ये काय लिहिलं, यावर पणतूचं पोट ठरतं, हे आमच्या घरानं बघितलं आहे. सावजी रस्सा मात्र आम्ही कुठल्याही प्रमाणपत्राविना शहरभर खपवला. तोही वारसाच, आणि चांगला पैसा देणारा.

गिरणी २००२ ला बंद झाली. आता त्या जागेवर मॉल आहे. नातवाला घेऊन गेलो तर तो म्हणाला, आजोबा, एवढी उंच चिमणी कशाला? मी सांगायला लागलो तोवर तो सरकत्या जिन्यावर पोचला होता.

तर मागच्या महिन्यात मामांकडे. पडवीत चटई टाकली, अर्ज समोर घेतला. नाव, वडिलांचं नाव, गट नंबर, वाटपाची तारीख. वाटपाचा कागद मामांनी पत्र्याच्या पेटीतून काढला, मामीच्या लुगड्याच्या घडीत ठेवलेला होता. तारीख १९९६ च्या कितीतरी आधीची. मी सुटकेचा श्वास सोडला. मग रकाना आला: जागेवर सध्या काय आहे? बँकेतली सवय. मी आजूबाजूला बघितलं आणि स्वच्छ अक्षरात लिहायला घेतलं: विटांचं घर, दोन खोल्या, पुढे पडवी, न्हाणी, तुळशीवृंदावन, अंगणात एक कडुनिंब.

मामा खांद्यावरून वाचत होते. त्यांनी माझा हात धरला.

“कडुनिंब काट, बाल्या,” ते म्हणाले. “झाड दिसलं का ते परत जंगल म्हनतीन.”